कुकरातली घटपर्णी: घरी टिश्यू कल्चर कुणी करून पाहिलंय का?

कुंडीतली सखू | ७ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते. कास जवळ असल्याने दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती मुलांना दरवर्षी दाखवते. पण पुस्तकातली घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाच्या घटात किडे धरणारी वेल, आपल्या सह्याद्रीत नाही, त्यामुळे तो धडा चित्रावरच भागवावा लागतो. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका नर्सरीतून व्हेंट्राटा नावाची घटपर्णी आणली. फिलिपीन्सकडच्या दोन जातींचा हा संकर. फारच चिवट झाड निघालं, बाल्कनीत टांगलंय आणि आता चार फुटांवर गेलंय. मुलं घटात डोकावून "बाई, आत मुंगळा आहे" म्हणून ओरडतात तेव्हा धडा आपोआप होतो.

तर डोक्यात आलं की प्रत्येक मुलाला एकेक रोप द्यावं. फांद्या लावून पाहिल्या, सहातल्या दोन जगल्या, तेही अडीच महिन्यांनी. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये टिश्यू कल्चर मांडलं, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवायची. घरचा कुकर, जॅमच्या बाटल्या, वाण्याकडची चायना ग्रास, साखर, तयार एमएस पावडर (रोपांचं क्षारांचं अन्न), बीएपी या फुटवे आणणाऱ्या हार्मोनची छोटी कुपी आणि प्लास्टिकच्या खोक्याला हात घालायला दोन भोकं पाडून केलेली 'निर्जंतुक पेटी'. नवऱ्याने त्या खोक्याला काचेची शवपेटी असं नाव ठेवलंय.

निकाल: १४ बाटल्या. ११ मध्ये चौथ्या दिवसापर्यंत बुरशी, पांढरी, काळी, एक तर सुंदर केशरी. दोनमध्ये बुरशी नाही, पण खोडाचा तुकडा काळा पडला आणि भोवतीचा मीडियाही (ज्यात तुकडा खोचतात ती गोठलेली खळ) चहासारखा झाला. एक अजून हिरवी आहे, तिच्याकडे बघायलाही भीती वाटते.

माझं काय चुकतंय? आणि दुसरं, आपली भारतीय घटपर्णी, खासियाना, हिचं रोप कुठे मिळेल? एका ऑनलाइन विक्रेत्याने "मेघालयहून थेट" देतो म्हटलंय.

---

हिरवा हट्टी | ७ जून, रात्री ११.०५

त्या कुकरातला भात आता कोण खातं, ते आधी सांगा :)

---

अर्धी वाटी | ८ जून, सकाळी ७.२०

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: हिने डास कमी होतात का?

---

बाटलीवाला जळगावकर | ८ जून, दुपारी २.१५

सखूताई, १४ पैकी एक हिरवी म्हणजे पहिल्या खेपेला वाईट नाही. मी केळीच्या लॅबमध्ये सतरा वर्षं आहे. आमच्याकडे रोज हजारांनी बाटल्या भरल्या जातात आणि तरीही पावसाळा लागला की बुरशीचं प्रमाण चढतं. तुम्ही नेमकी मेच्या शेवटी सुरुवात केलीत, हवेत बीजाणू उधळलेले. जून ते सप्टेंबर घरगुती पेटीत नवीन तुकडे लावूच नका. दसऱ्यानंतर बघा.

आता एकेक.

कुकर चालतो. शिट्टी साधारण एक किलोच्या दाबाला वाजते आणि आमचा ऑटोक्लेव्हही पंधरा पौंडांवरच चालतो, म्हणजे १२१ अंशांच्या आसपास. फक्त पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून २० मिनिटं धरा. सातारा उंचावर आहे, पाच मिनिटं वाढवा. बाटल्यांची झाकणं अर्धा आटा ढिली. वाफ आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर मीडिया उसळून झाकणाला लागतो आणि तिथून बुरशी आत शिरते.

बुरशीचं मूळ कारण कुकर नसावा, झाड असावं. बाल्कनीतल्या चार फुटी वेलीच्या खोडावर आणि पेशींच्या आतही जंतू बसलेले असतात. आत असलेल्यांना ब्लीच पोचत नाही. आम्ही मातृरोप महिनाभर आडोशाला ठेवतो. वरून पाणी अजिबात नाही, पाणी फक्त मुळाशी, आठवड्याला एकदा बाविस्टीन हे बुरशीनाशक. मग बुडाशी जो नवा फुटवा येतो, त्याचाच तुकडा घ्यायचा. जुन्या खोडाचा नाही. वाहत्या नळाखाली अर्धा तास, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात दहा मिनिटं, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग घरगुती ब्लीच एकास नऊ पाण्यात, दहा-बारा मिनिटं. शेवटी उकळून गार केलेलं नव्हे, कुकरमधून काढलेलं पाणी, तीनदा. आणि एका नळीत एकच तुकडा! जॅमच्या बाटलीत तीन-तीन लावले असणार तुम्ही. एक बिघडला की तिघे गेले.

काळं पडणं हा वेगळा आजार. घटपर्णीत प्लंबॅजिनच्या जातीची द्रव्यं भरपूर, कापलं की ती बाहेर येऊन हवेत काळी होतात आणि तुकडा स्वतःच्याच रसात मरतो. कापल्यावर लगेच व्हिटॅमिन सीच्या पाण्यात बुडवा, पहिला आठवडा अंधारात ठेवा, मीडिया रंगला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुकडा नव्या नळीत हलवा. चिमूटभर सक्रिय कोळसा घातला तरी चालतो, पण तो हार्मोनही शोषतो, म्हणून फुटवे हवे असतील तेव्हा नको.

आणि एमएस पूर्ण ताकदीची वापरलीत ना? तिथेच घात. ती १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली पाककृती आहे, नत्राने गच्च. घटपर्णी वाढते निकस, धुपलेल्या जमिनीत. घट काढून किडे धरण्याची वेळच त्यामुळे आली. अर्ध्या ताकदीवर या, जमलं तर तिसऱ्या हिश्श्यावर. लिटरला साखर २०-३० ग्रॅम, बीएपी अर्ध्या ते एक मिलिग्रॅमपासून. सामू ५.७. फार खाली गेला तर चायना ग्रास गोठतच नाही.

एक कळकळीची विनंती. शाळेत मर्क्युरिक क्लोराइडची, म्हणजे पाऱ्याच्या जालीम विषाची, जुनी बाटली असेल आणि जुन्या शोधनिबंधात वाचून ते वापरायचा मोह होईल. घरात ते आणू नका. कुकर पुढे स्वयंपाकघरात जाणार असेल तर मुळीच नाही.

---

कुंडीतली सखू | ८ जून, रात्री ९.३०

दादा, तुम्ही माझ्या स्टोअररूममध्ये येऊन गेलात का? जॅमच्या बाटलीत तीन-तीनच लावले होते. आणि ती बाटलीही आहे शाळेत, कवटीचं चित्र असलेली. हात लावणार नाही.

कुकर स्वतंत्र घेतलाय, हट्टीराव. भात सुरक्षित.

---

वनवाटा | ९ जून, सकाळी ११.५०

सखूताई, टिश्यू कल्चरचं चालू द्या, पण खासियानाच्या बाबतीत थांबा.

नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी सहावी अनुसूची आली. तिच्यात अख्ख्या देशातून फक्त सहा नोंदी: बेडोमचा सायकस, निळा वांडा, लाल वांडा, कुठ, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि ही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची बदलली, आता वनस्पती तिसरीत आहेत. संरक्षण तेच. वन्य रोप उपटणं, बाळगणं, विकणं हे तर गुन्हे आहेतच, पण मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय तिची लागवड करायलाही मनाई आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही ती पहिल्या परिशिष्टात आहे. नेपेंथिसच्या इतर साऱ्या जाती दुसऱ्यात आहेत, पहिल्यात फक्त ही आणि बोर्निओची 'राजा' ही जात.

"मेघालयहून थेट" हे शब्द वाचूनच काय ते समजा. परवानाधारक नर्सरी असं लिहीत नाही. तो माणूस एक तर डोंगरावरून ओरबाडलेलं रोप देणार, नाहीतर व्हेंट्राटालाच खासियाना म्हणून खपवणार. दुसरं झालं तर तुमचं नशीब.

---

तर्कटराव | ९ जून, दुपारी ४.१०

हा कायदा मला कधी कळला नाही. जात धोक्यात आहे म्हणून वाढवायला बंदी! लोकांनी घरोघरी वाढवली असती तर आज धोक्यात असती का? जळगावकरांच्या लॅबला परवानगी द्या, वर्षात लाखभर रोपं काढतील, शंभर रुपयाला विकतील, डोंगरावर चढून उपटायला कोण जाईल? सगळ्यात बाबू आडवे.

---

आम्स्टरडॅमचा आप्पा | ९ जून, रात्री ११.३५

तर्कटरावांच्या अर्ध्या म्हणण्याला इथून दुजोरा. हॉलंडमध्ये कुठल्याही गार्डन सेंटरला जा, टांगलेल्या कुंडीत घटपर्ण्यांचे संकर रांगेने लटकलेले असतात, पिझ्झापेक्षा थोडे महाग. सगळे बाटलीतून आलेले. राजासारखी जात, जिच्या घटात लिटरांनी पाणी मावतं, तीही आता छंदिष्टांना लॅबमधलं छोटं रोप म्हणून मिळते. पूर्वी ती किनाबालूवरून चोरूनच यायची. दुसऱ्या परिशिष्टातल्या जातींचं टिश्यू कल्चर निर्जंतुक बाटलीत असेल तर त्याला साइट्सचे कागदही लागत नाहीत. खासियानाला मात्र ही सवलत नाही, ती पहिल्यात.

---

वनवाटा | १० जून, सकाळी १०.०५

तर्कटराव, बंदी "वाढवायला" नाही, "परवान्याशिवाय वाढवायला" आहे. परवानगीने काम कधीच झालंय. केरळात पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी खोडाच्या पेरांपासून खासियाना बाटलीत वाढवून १९९४ साली ते छापलंही. म्हणजे तंत्र तीस वर्षांपासून हाताशी आहे. तरी ही जात लाल यादीत 'संकटग्रस्त' आहेच. कारण तिचा शत्रू फक्त कुंडीवाला नाही. कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणी, झूम (जंगल जाळून केलेली फिरती) शेती, रस्ते. डोंगरच गेला तर शंभर रुपयांचं रोप नेऊन कुठे लावणार?

---

तुऱ्याचा पाहुणा | १० जून, दुपारी १.४५

नोकरीच्या निमित्ताने गारो टेकड्यांत तुरा इथे चार वर्षं काढली. दक्षिण गारो जिल्ह्यात बाघमारा नावाचं गाव आहे, बांगलादेशच्या हद्दीला टेकलेलं. तिथे खास घटपर्णीसाठी राखलेलं अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटल्यावर मी जीप, दुर्बीण, पाण्याची कॅन घेऊन गेलो. निघालं दोन-तीन हेक्टरांचं! आपल्या गावाकडची देवराई मोठी असते.

पण आतलं दृश्य विसरणार नाही. लाल, दगडगोट्यांचा उतार, त्यावर दुसऱ्या झुडपांचा आधार घेत चढलेल्या वेली, आणि पानाच्या टोकाला तणावा, तणाव्याला हिरवट-तांबूस सुरई. झाकण वर. सोबतचा गारो पोरगा म्हणाला, "मेमांग कोक्सी", म्हणजे भुताची टोपली. खासी लोक तिला राक्षसी फूल म्हणतात. न उघडलेल्या घटातलं पाणी ते डोळ्यांत घालतात, पोटालाही देतात. उघडलेल्या घटातलं नाही, त्यात किडे सडलेले.

आणि 'अर्धी वाटी', तुम्हाला कुणी उत्तर दिलं नाही. डास कमी होत नाहीत. उलट त्या पाण्यात डासांच्याच काही जातींच्या अळ्या मजेत वाढतात. मुख्य शिकार मुंग्यांची.

---

अर्धी वाटी | १० जून, दुपारी २.००

म्हणजे मी डास पाळायला निघाले होते. धन्यवाद!

---

बाटलीवाला जळगावकर | १० जून, रात्री १०.२०

तर्कटराव, लाखभर रोपं काढू म्हणालात. काढू. पण एका तुकड्यापासून काढलेली लाख रोपं म्हणजे एकच झाड लाख वेळा. केळीत तेच हवं असतं, सगळे घड एकसारखे, एका आठवड्यात कापणीला. रानातल्या झाडाला ते नको.

त्यात घटपर्णीत नर वेगळा, मादी वेगळी. तुमची लाख रोपं माद्याच निघाली तर डोंगरावर नेऊन लावलीत तरी एक बी धरणार नाही. बोर्निओत गुनुंग केलाम या एकाच खडकावर वाढणारी क्लिपेआटा आहे. रानात बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि जगभरच्या संग्रहांत जी आहे ती मोजक्या झाडांचीच नक्कल. आता लोक नर-मादी जुळवत फिरतात, एकाचं फूल युरोपात आणि दुसऱ्याचं अमेरिकेत, तेही वेगळ्या महिन्यांत.

म्हणून जतनासाठी करायचं तर बी घ्यावं लागतं, निरनिराळ्या वेलींचं, निरनिराळ्या टेकड्यांवरचं. प्रत्येक बी वेगळ्या नळीत, प्रत्येक नळीवर चिठ्ठी. बी दोऱ्याच्या तुसासारखं हलकं, ताजं असेपर्यंतच उगवतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात पैसा नाही, म्हणून ते आमच्यासारख्या लॅबनी न करता उद्यानांनी करावं लागतं. आम्ही केळीतसुद्धा सात-आठ फेऱ्यांपुढे एक तुकडा ओढत नाही. पुढे पानं चट्टेरी, ठेंगणी व्हायला लागतात.

सखूताईंना शाळेसाठी रोपं हवीत, त्यांना ही चिंता नाही. व्हेंट्राटाची खुशाल एकाची चाळीस करा.

---

तर्कटराव | १० जून, रात्री ११.१५

नर-मादीचा मुद्दा माहीत नव्हता. मान्य. बाबू आडवे हे अजून मान्य नाही.

---

कुंडीतली सखू | ११ जून, सकाळी ६.५०

वनवाटा, त्या विक्रेत्याला नकार कळवला. त्याने लगेच विचारलं, "मग राजा पाहिजे का?"

पावसाळाभर गप्प बसते. मातृरोप जिन्याखाली हलवलं, वरून पाणी बंद.

---

कुंडीतली सखू | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१०

धागा वर काढतेय, माफी.

दसऱ्यानंतर २० नळ्या लावल्या, बुडातल्या नव्या फुटव्यांचे तुकडे, एका नळीत एक. आठ बुरशीने गेल्या, तीन काळ्या पडल्या. उरलेल्या नऊ स्वच्छ! व्हिटॅमिन सीची युक्ती अगदी लागू पडली. कपाटात आठवडाभर अंधार, नंतर एका पांढऱ्या एलईडी पट्टीखाली. सहांत आता फुटवे दिसतायत, एकात चक्क चार.

आणि गंमत म्हणजे जून महिन्यातली ती एकुलती हिरवी बाटली अजून जिवंत आहे. तिच्यातल्या रोपाला तांदळाच्या दाण्याएवढे घट आलेत. झाकणासकट. निर्जंतुक बाटलीत, जिथे एक मुंगी यायची नाही, तिथे ती सापळे लावून बसलीय! नववीच्या वर्गात नेली तर तास संपेपर्यंत कुणी बाटली सोडेना.

---

तुऱ्याचा पाहुणा | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

वा! मोठ्या वेलीबरोबर एक खेळ करून बघा. पालोडच्याच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की खासियानासारख्या घटांची कड अतिनील प्रकाशात निळी चमकते, आणि ती चमक झाकली तर सावज कमी पडतं. नोटा तपासायचा दिवा घ्या, खोलीत अंधार करा, घटाच्या तोंडाशी धरा. व्हेंट्राटात कितपत दिसेल ते मुलांनाच ठरवू दे.

---

बाटलीवाला जळगावकर | १७ नोव्हेंबर, दुपारी १.००

अभिनंदन ताई. वीसात नऊ म्हणजे घरच्या पेटीत फार झालं. पण आनंद अर्धाच करा. आमच्याकडे नवीन पोरं बाटलीतली हिरवी रोपं बघून नाचतात आणि हार्डनिंगला, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावताना, रडतात.

बाटलीत हवा दमट, अन्न साखरेचं. पानावर मेणाचा थर नसल्यात जमा, पर्णरंध्रं मिटायला शिकलेली नाहीत. बाहेर काढून नुसतं टेबलावर ठेवलंत तर तासाभरात मान टाकेल. मुळं फुटल्यावरच काढा. चायना ग्रास कोमट पाण्यात बोटांनी पूर्ण धुवा, कण राहिला की त्यातल्या साखरेवर बुरशी. मग स्फॅग्नम मॉस किंवा धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट, पारदर्शक डबा, झाकण बंद. तीन आठवडे उघडायचं नाही, मग रोज थोडं. पाणी पावसाचं किंवा आरओचं. बोअरचं जड पाणी दिलंत तर महिन्याभरात मुळं संपतील.

---

कुंडीतली सखू | २४ जानेवारी, संध्याकाळी ७.४५

दादा, सांगूनही चुकलेच. पहिली दोन रोपं घाईत धुतली, पाचव्या दिवशी बुडाशी कापूस. तिसरं झाकण उघडं राहिल्याने एका दुपारीत वाळलं. तेव्हा घरी हळदीकुंकू होतं, कुणीतरी "हे काय गं" म्हणून उघडून पाहिलं असावं.

चौथं, पाचवं आणि सहावं श्रीखंडाच्या पारदर्शक डब्यात आहेत. आज अठरावा दिवस. पाचव्याने नवीन पान काढलंय, टोकाला तणावा आहे, पण घट नाही. बाटलीतले छोटे घट मात्र सगळे वाळून गेले. काळजी करू का?

---

बाटलीवाला जळगावकर | २४ जानेवारी, रात्री ९.५५

नको. बाटलीतली पानं मरायचीच, नवीन पान आलं हे महत्त्वाचं. घट दोन-तीन पानांनी येतील, दमटपणा स्थिरावला की. झाकण अजून तीन दिवस उघडू नका, आणि डब्यावर चिकटपट्टी लावून "उघडू नये" लिहा. नळीतल्या बाकीच्या रोपांना आता बीएपी बंद, मुळांसाठी साध्या अर्ध्या एमएसवर हलवा.

फोटो टाका.

---

कुंडीतली सखू | २४ जानेवारी, रात्री १०.१०

चिकटपट्टी लावली. फोटो उद्या, आत्ता दिवे गेलेत.

---

हिरवा हट्टी | २४ जानेवारी, रात्री १०.१२

आणि श्रीखंड कुणी खाल्लं?